डॉयलचं हरीण

सरखोतांच्या घराण्यात शिकारी एकच होता आणि त्यानं आयुष्यात शिकारही एकच केली होती. पण ती त्यानं चाळीस वर्षं इतकी पुरवून पुरवून सांगितली, की दुसरी करायची गरजच पडली नाही.

गरज पडली ती दोन हजार दहा सालच्या फेब्रुवारीत, तीही शारजाच्या वाळवंटात, आणि ती पाडली त्याच्याच धाकट्या मुलानं. कोकणी माणूस बापाची बढाई मारायला लागला की त्याला आवर नसतो. तय्यबनं आपला अरब मालक अबू सैफ याच्यासमोर एवढंच म्हटलं होतं की माझे अब्बा शिकारी आहेत. अबू सैफनं लगेच विचारलं, "किदर है?" अब्बा त्या वेळी शारजा शहरात, तय्यबच्या अल मजाजमधल्या फ्लॅटमध्ये व्हिजिट व्हिसावर येऊन सोफ्यावर झोपले होते.

अबू सैफची धैदजवळ मोठी शेती होती. तेजीच्या दिवसांत त्यानं डॉयल नावाच्या अमेरिकन माणसाबरोबर भागीदारी केली होती. वाळवंटात अमेरिकेसारखं रँच काढायचं, तिथली हरणं आणायची आणि गिऱ्हाइकांनी पाणवठ्याशी लपून धनुष्यानं त्यांची शिकार करायची, असा डॉयलचा बेत होता. तय्यब त्या कंपनीत पर्चेस मॅनेजर होता. हरणं विमानानं आली. ती अंग झाडून उभी राहतात न राहतात तोच मंदी आली आणि डॉयल एका बॅगेनिशी विमानतळावर गेला तो गेलाच. काही हरणं मेली, काही अबू सैफनं वाटून टाकली. शेवटी डॉयलच्या दोनच वस्तू शेतावर उरल्या, एक नर हरीण आणि एक तय्यब. दोघांचं काय करायचं ते अबू सैफला कळत नव्हतं.

तय्यबला त्यानं शेताच्या कागदांवर घेतलं होतं. मार्चमध्ये व्हिसा संपत होता. हरीण मात्र कुंपणावरून उड्या मारून लसूणघास फस्त करी, पाण्यावर आलेल्या बकऱ्यांना हुसकून लावी. मोठ्या कानांच्या त्या परदेशी जनावराची अबू सैफला चीड आली होती. त्यानं रीतसर परवानगी काढली, डॉयलचं धनुष्य आणि लपणाचा तंबू गोदामातून काढून तय्यबच्या हातात दिला आणि सांगितलं, "पहले गज़ाल खलास. बाद में स्टॅम्प." पहिल्या जुम्म्याला तय्यबनं स्वतः बाण सोडला. तो शेतावरच्या कूलरमध्ये घुसला. तेव्हा अबू सैफ म्हणाला, "तुमारा बाप लाओ."

या सगळ्याची खरी काळजी होती ती तय्यबच्या बायकोला, शहनाझला. एमान, तिची एकुलती एक लेक, अकरावीत होती. पुढच्या मार्चला बोर्डाची परीक्षा. व्हिसा गेला तर ऐन बारावीच्या तोंडावर शाळा, बोर्ड, मैत्रिणी सगळं सोडून पोरीला श्रीवर्धनला जावं लागणार होतं. आणि हे सगळं आता ज्या माणसाच्या नेमावर लटकलं होतं, त्याला डाव्या डोळ्यानं अजिबात आणि उजव्यानं जेमतेम दिसत होतं. मोतीबिंदूचं हे गुपित घरात फक्त शहनाझला माहीत होतं. सासऱ्यांनी एकदा साखर समजून चहात मीठ घातलं आणि चूक कबूल करायला नको म्हणून तो अख्खा कप पिऊन टाकला, तेव्हा ते तिला कळलं. तेव्हापासून ती रोज सकाळी गुपचूप त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची.

गुरुवारी संध्याकाळी हनीफ जेवायला आला. हनीफ तय्यबचा मोठा भाऊ. अजमानला त्याचं कार्गोचं दुकान होतं. ते त्यानं नुकतंच बंद केलं होतं. मेमध्ये गावी परत जायचं त्यानं ठरवलं होतं आणि तय्यबच्या कुटुंबानंही बरोबर यावं यासाठी तो महिनाभर येऊन बसत होता. शहनाझला त्याचं दुखणं ठाऊक होतं. एकटा परतला तर लोक म्हणतात बुडाला. दोघे भाऊ परतले तर म्हणतात विचार बदलला.

"जनावर मारून व्हिसा मिळतो हे मी पहिल्यांदा ऐकतोय," हनीफ भाकरी मोडत म्हणाला. "अब्बा, तुम्ही कशाला या लफड्यात पडता? नाही लागला बाण तर नाही. मेमध्ये सगळे मिळून जाऊ, आंबे खाऊ."

"एमानची ट्वेल्थ आहे, भाईजान," शहनाझ म्हणाली.

"मग? श्रीवर्धनला कॉलेज नाही?"

"बडे अब्बू, इट्स अ डिफरंट बोर्ड," एमान म्हणाली. ती जमिनीवर बसून धनुष्याचे बोल्ट सैल करत होती. "दादाजान, नाउ यू कॅन पुल इट. आय हॅव रिड्यूस्ड द वेट."

अब्बांनी बसल्या जागी धनुष्य ओढून पाहिलं. दोन्ही टोकांना कप्पी असलेलं ते धनुष्य सुरुवातीला जड जाई आणि मग मध्येच हलकं होई. तीस वर्षं जहाजावर दोर ओढलेल्या माणसाला कप्पी काय ते सांगावं लागत नव्हतं. "हे बरं आहे," ते म्हणाले. मग धनुष्य खाली ठेवून ताटाकडे वळले. "पण हनीफ बोलतो ते खोटं नाही. गल्फ आता पहिल्यासारखा राहिला नाही. घर आपलं आहे, दर्या आपला आहे. पोरांनी बापाजवळ यावं यात वाईट काय?"

तय्यबनं मासा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनं खायला लागला. घरात वाद निघाला की तो नेहमी जेवायचा. "अब्बा, मग उद्या नेम धरणार ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"शिकारी नेम धरतोच. लागणं न लागणं वरच्याच्या हाती."

हनीफ समाधानानं पाणी प्यायला. शहनाझनं त्याच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं आणि वारा कुठून कुठे वाहतोय ते तिला तिथंच समजलं. तिनं आमटीचं भांडं उचललं आणि जाहीर केलं, "उद्या अब्बांबरोबर लपणात मी बसणार. त्यांच्या गोळ्यांची वेळ असते."

"आणि नो अत्तर, दादाजान," एमान म्हणाली. "डिअर कॅन स्मेल इट."

"जुम्म्याला अत्तर नाही?" अब्बांनी विचारलं. त्या संध्याकाळी त्यांना खरोखर वाईट वाटलं असेल तर ते याच गोष्टीचं.

लपणाच्या कापडावर अमेरिकेतल्या कुठल्याशा जंगलाची हिरवीगार पानं छापलेली होती. त्यामुळे पिवळ्या वाळूत तो तंबू मैलभरावरून दिसत होता. हरणांना रंग फारसे कळत नाहीत, असं एमाननं पुस्तिकेत वाचून सांगितलं होतं आणि घरात पुस्तिका वाचणारी तीच असल्यामुळे सगळ्यांनी ते मानलं होतं. आत काळोख होता आणि भट्टी होती. पुढच्या झडपेतून पाणवठा दिसत होता, गाफच्या झाडाखाली खणलेला, प्लास्टिक अंथरलेला मोठा खड्डा. तय्यब, हनीफ आणि अबू सैफ लांब टेकाडावर सावलीत बसले होते. अबू सैफच्या गळ्यात दुर्बीण होती.

सासरा आणि सून दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर गुडघ्याला गुडघा लावून बसले. शहनाझच्या लग्नाला अठरा वर्षं झाली तरी इतक्या जवळ ते कधी बसले नव्हते. लपणात बोलायचं नाही असा नियमच होता.

"सांबर आलं ना, तेव्हा असंच होतं," अब्बा कुजबुजले. "म्हसळ्याचं रान. मी श्वास रोखून. आणि समोर दोन डोळे, असे..."

"अब्बा," शहनाझ म्हणाली, "सांबर विहिरीत पडलं होतं."

एक बकरी येऊन पाणी पिऊन गेली.

"कोण बोललं तुला?"

"मां बोलल्या."

"ताजबी?" आपल्या बायकोचं नाव त्यांनी असं घेतलं की जणू शेजारीण असावी. "कधी?"

"माझ्या लग्नाच्या आठवड्यात."

अब्बांनी हिशेब केला असावा. "आणि तू कोणाला बोलली नाहीस? तय्यबला?"

"कोणी विचारलं नाही."

अब्बांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "मशिदीमागची पडकी विहीर. जिवंत होतं, पाय मोडलेलं, ओरडत होतं. कोणी उतरायला तयार नाही. मी दोर बांधून उतरलो. कंबरभर पाणी. त्याच्या कानात बिस्मिल्ला म्हटलं, अगदी हळू, घाबरू नये म्हणून. मग सुरी फिरवली. वर आलो तर लोक म्हणाले, मोहिद्दीननं सांबर मारलं. मी म्हटलं, हो, मारलं."

"बंदुकीपेक्षा विहिरीत उतरणं अवघड होतं, अब्बा."

"ते कोण ऐकतं?"

शहनाझला हसू आलं नाही. तिला त्या माणसाविषयी एकदम फार माया वाटली आणि तेवढीच भीतीही वाटली, कारण हाच माणूस तिच्या पोरीला गावी न्यायला निघाला होता. म्हणून तिनं सरळच सांगितलं. "मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. एमानची परीक्षा होऊ दे. नंतर जिथं म्हणाल तिथं येईन. आज बाण लागू दे."

"दिसत नाही मला, बेटी. हा हिरवा ठिपका दिसतो." धनुष्यावर नेम धरायला एक चमकणारा ठिपका होता. "ठिपक्याच्या पलीकडे सगळं दूध."

"मी सांगते ना."

अब्बांनी धनुष्य मांडीवर घेतलं.

ऊन कललं तेव्हा ते आलं. शहनाझनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. खेचरासारखे लांब कान, करडं अंग, डोक्यावर एकच शिंग. दुसरं गळून पडलं होतं आणि त्यामुळे त्याची मान किंचित कलती वाटत होती. ते दहा पावलं येई आणि थांबून कान फिरवी. आपल्या जातीचं दुसरं कोणीच नसलेल्या मुलखात ते कुणाची चाहूल घेत होतं कोण जाणे. मग त्यानं पाण्याला तोंड लावलं.

तिनं सासऱ्यांच्या कोपराला बोट लावलं. अब्बांनी धनुष्य ओढलं, कप्प्या न कुरकुरता फिरल्या.

"उजवीकडे," ती श्वासानंच म्हणाली. "थोडं खाली. अजून. बस."

हिरवा ठिपका जिथं असायला हवा होता तिथं होता. खांद्यामागे, एमाननं पुस्तिकेत दाखवलं होतं नेमकं तिथं. शहनाझनं नजर हलवली नाही.

आणि मोहिद्दीन सरखोतांनी छाती भरून, गावच्या मशिदीत बांगी आजारी असला की ते बांग द्यायचे त्या खड्या आवाजात म्हटलं, "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर!"

हरीण चारी पाय एकदम उचलून उडालं. पुन्हा उडालं, पुन्हा उडालं, आणि वाळूच्या कडेवरून दिसेनासं झालं. त्यानंतर अब्बांनी सावकाश बाण सोडला. तो पाण्यात पडला आणि तरंगत राहिला.

शहनाझला रडू आलं नाही, संताप आला. आत्ताच, याच स्टुलावर बसून, या माणसानं सांगितलं होतं की सांबराच्या कानात बिस्मिल्ला हळूच म्हटलं. बकरी ईदलाही तो पुटपुटतोच. म्हणजे हे मुद्दाम केलं. म्हणजे हनीफ जिंकला. ती झडप उघडून बाहेर आली आणि टेकाडाकडे चालू लागली. मागून अब्बा म्हणाले, "हात दे, वाळू दिसत नाही." तिनं हात दिला.

अबू सैफनं दुर्बीण खाली ठेवली होती. शेजारी त्याचा बहिरी ससाणा डोळ्यांवर टोपी घालून स्टँडवर बसला होता. हनीफचा चेहरा दुःखी होता, पण आतून उजळलेला. तय्यब आपल्या चपलांकडे बघत होता.

"क्या हुआ, शिकारी?" अबू सैफनं विचारलं.

अब्बा गालिच्यावर टेकले, कॉफीची वाटी घेतली, एक घोट प्यायले. "बाण छोड़ने से पहले अल्ला का नाम लेना पड़ता. नहीं लिया तो गोश्त हराम."

"सही."

"नाम लिया तो जनावर भागता."

"मैंने देखा."

"ये अमेरिका का जनावर है. इसने कभी अल्ला का नाम सुना नहीं. डरता है."

अबू सैफनं वाटी हातात फिरवली. त्याच्या बापानं आणि आज्यानं ससाणे सोडून शिकारी केल्या होत्या. नाम कधी आणि कसं घ्यायचं हे त्याला कोकणातून येऊन कोणी शिकवावं असं नव्हतं. "धीरे बोलो तो?" त्यानं विचारलं.

"कान देखा उसका?" अब्बा म्हणाले.

शहनाझ उभी होती ती खाली बसली. सासरे काय करत होते ते तिला आत्ता कुठे समजायला लागलं होतं.

"कान बड़ा है," अबू सैफनं मान्य केलं.

"उसको आदत डालनी पड़ेगी. रोज पानी पे कोई बैठे, रोज बिस्मिल्ला बोले. सुनते सुनते डर निकल जाएगा. फिर एक बाण, खलास."

"कितना टाइम?"

"अगले मार्च तक."

"मार्च क्यों?"

"शिंग वापस आने दो," अब्बा म्हणाले. "एक शिंगवाला मारा तो लोग हसते."

अबू सैफनं हनीफकडे मान वळवली. "तुम बड़ा बेटा. नमाज़ी आदमी. बोलो, बाप की बात सच?"

हनीफ अजमानच्या मशिदीत जुम्म्याआधी मुलांना धडे द्यायचा. हळू म्हटलं तरी चालतं हे सांगायला त्याला कुठलं पुस्तक उघडायची गरज नव्हती, आणि या एका वाक्यात त्याचं सगळं काम होणार होतं: तय्यबचा व्हिसा गेला असता, मेमध्ये दोघे भाऊ बरोबर निघाले असते. त्यानं तोंड उघडलं. बापाकडे पाहिलं. अब्बांनी कॉफीची वाटी खाली ठेवायला हात पुढे केला होता आणि तबक नेमकं कुठे आहे ते त्यांचा हात चाचपून शोधत होता. हनीफ ते बघत राहिला. शहनाझनं तबक हळूच पुढे सरकवलं. हनीफनं तेही पाहिलं.

"मेरे अब्बा शिकारी हैं," तो शेवटी म्हणाला. "जनावर का उनको मालूम."

अबू सैफनं ससाण्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "रोज कौन बैठेगा?"

"मेरा छोटा बेटा. वो नहीं तो बहू."

"एक साल," अबू सैफ म्हणाला आणि तय्यबकडे वळला. "संडे को पासपोर्ट लाओ. यल्ला, खाना खाओ."

परतीच्या वाटेवर गाडी शहनाझ चालवत होती. अब्बा शेजारी होते, मागे दोघे भाऊ. धैद मागे पडलं तसा हनीफ मागून म्हणाला, "अब्बा, डोळ्यांचं ऑपरेशन मेमध्ये करू. मी असेन गावी."

"तू एकटाच येणार?" अब्बांनी विचारलं.

"एकटाच."

"मग लोक बोलतील."

"बोलू देत," हनीफ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. तय्यबनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो शारजा येईपर्यंत उचलला नाही.

मेमध्ये हनीफ गेला. त्याआधीच परतलेल्या अब्बांना त्यानं दवाखान्यात नेलं आणि त्यांना लख्ख दिसायला लागलं. गावात आता त्यांच्या नावावर दोन शिकारी होत्या; दुसरी अजून चालू आहे असं ते सांगत. फोन आला की मुलाची खुशाली विचारायच्या आधी ते हरणाची विचारत.

तय्यबला शेतावर खरं काम मिळालं, पंपांचं आणि मजुरांचं. त्यामुळे बिस्मिल्ला म्हणायला शहनाझ जाई, आठवड्यातून निदान चार दिवस. तिला खोटं काम करणं जमत नसे. ती खरोखर गाफखाली बसे आणि हरीण पाण्याशी आलं की मोठ्यानं नाम घेई. पहिला महिना ते पळून जाई. उन्हाळ्यात ते पळता पळता थांबायला लागलं. हिवाळ्यात शिंगं पुरी भरली तेव्हा ते फक्त कान फिरवी. आणि पुढच्या मार्चमध्ये, एमानचा शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात, तेही करेनासं झालं.

त्या दिवशी अबू सैफ स्वतः आला. न सांगता आला, गाडी लांब उभी करून, काठी टेकत. तो शहनाझपासून चार हातांवर वाळूत बसला. परीक्षा झाली होती, अब्बांनी दिलेला मार्चचा शब्द पाळायची वेळ आली होती आणि तय्यबचा व्हिसा पुन्हा त्याच महिन्यात संपत होता. शिवाय त्या जनावरावर आता तिचा जीव जडला होता, हे ती कुणाला सांगणार?

हरीण आलं. दोन्ही शिंगं उंच, अंग भरलेलं. त्यानं पाण्याला तोंड लावलं.

"बोलो," अबू सैफ म्हणाला.

शहनाझनं छाती भरून, सासऱ्यांच्याच आवाजात, बिस्मिल्ला म्हटलं. हरीण पीत राहिलं. त्यानं मान वर केली नाही, कानही हलवला नाही. पोट भरल्यावर ते दोन पावलं पुढे आलं, शहनाझच्या चपलेचा वास घेतला आणि तिथंच, दोघांच्या समोर, पाय दुमडून बसलं.

अबू सैफनं ते नीट बघून घेतलं. मग काठीवर भार देऊन उठला, वाळू झटकली.

"बहुत डरता है अभी," तो म्हणाला. "एक साल और लगेगा."

आणि तो आपल्या गाडीकडे चालू लागला.